कढईपुढे कोण उभं राहणार

बून कीत : तो एप्रन सोड अक्का, मला दे. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.

सेल्वमणी : अर्ध्या तासात माझ्या दहा-बारा प्लेट होतात. एका वेळी एक. तू काय करणार आहेस त्या अर्ध्या तासात?

बून कीत : उभा राहणार, कढईपाशी. नकाशावाली बाई येईल, फोटो काढेल, जाईल. मग तू आहेस आणि तुझी कढई आहे.

सेल्वमणी : आणि मी तोवर कुठे?

बून कीत : मागे. पात चिरत बस. म्हणजे फोटोत येशीलसुद्धा. थोडीशी.

सेल्वमणी : थोडीशी! बावीस वर्षं ह्या कोळशापुढे भाजून निघाले, दंडावरचे डाग बघ हे, आणि मी थोडीशी?

बून कीत : चिडू नको ना. पेनांगला आलेल्या पाहुण्यांनी खाऊन बघावेत असे दहा पदार्थ निवडतायत. प्रत्येक पदार्थाची एकच गाडी. विमानतळावर, हॉटेलांत, सगळीकडे वाटणार तो नकाशा. लोक क्वे तियाव, आपल्या ह्या परतलेल्या तांदळाच्या शेवया, शोधत इथवर येणार, आणि समोर बघतात तर...

सेल्वमणी : तर काय? बोल की. घशात शिंपली अडकली?

बून कीत : तर कपाळाला विभूती लावलेली तमिळ बाई. त्यांना वाटेल चुकीच्या गाडीवर आलो.

सेल्वमणी : आजवर एक गिऱ्हाईक मला बघून परत गेलंय का रे? तुझीच माणसं बसतात ना इथे सकाळी सात वाजल्यापासून?

बून कीत : त्यांना सवय झालीय. पाहुण्यांना चिनी पदार्थामागे चिनी माणूस लागतो.

सेल्वमणी : मग तो कोपऱ्यावरचा नासी कांदारवाला, आमचा तमिळ भात-रस्सा विकणारा? आजा तमिळनाडूतून आलेला, आणि रस्सा वाढायला उभा असतो त्याचा चिनी जावई. त्याला मागे बसवलंस पात चिरायला?

बून कीत : त्याचा फॉर्म मी भरला नाही. आपला भरलाय.

सेल्वमणी : काय लिहिलंयस त्यात?

बून कीत : खू घराणं. तिसरी पिढी. बून कीत.

सेल्वमणी : वा रे तिसरी पिढी! सोळाव्या वर्षी तुझ्या काकांनी त्यांच्या ह्या गाडीवर तुला उभं केलं होतं. आठ दिवसांत पळालास. भुवया जळाल्या म्हणून घरी जाऊन रडत होतास.

बून कीत : लहान होतो मी. नंतर त्यांनी पुन्हा कालथा दिलाच नाही हातात. तुला दिला. भांडी घासायला आलेल्या बाईला.

सेल्वमणी : भांडी घासता घासता मी कान देऊन ऐकत होते, म्हणून दिला.

बून कीत : आत्ता तर तू चाखतही नाहीस! तैपूसमच्या सणाचा नवस धरलायस, महिना झाला, मांस नाही, मासळी नाही. स्वतःच्या हातचं जिभेवर न ठेवता लोकांना वाढतेस. हे कळलं ना त्या बाईला, तर हसेल.

सेल्वमणी : हसू दे. शेवया मोकळ्या झाल्या की कढई वेगळी वाजते. अंडं धरलं की वेगळी. जीभ मुरुगनला दिलीय महिनाभर, कान नाही दिलेत.

बून कीत : अक्का, मला वाईट बोलायला लावू नको. कारखान्यानं काढल्यापासून चार महिने घरी बसलोय. ह्या जागेचा परवाना खू घराण्याच्या नावावर आहे. काका गेले, आता तो माझ्याकडे येणार. मनात आणलं तर उद्या इपोहून आचारी आणून उभा करीन.

सेल्वमणी : आण. आजच आण. मला उचलून बाजूला ठेवायला मात्र आणखी दोघं आण, एकट्यानं जमणार नाही.

सुहैला : सलाम. नकाशासाठी आले होते. मी सुहैला. बून कीत कोण?

बून कीत : मी, मी! या. ही... आमची अक्का. मदतीला असते.

सेल्वमणी : मदतीला! बरं. घे हा कालथा. हा घे एप्रन. कर.

बून कीत : आत्ता?

सेल्वमणी : फोटो काढायचाय ना? थंड कढईचा काढतात का? चार जण थांबलेत. घाल.

सुहैला : करा तुम्ही. मी हलत नाही इथून.

बून कीत : चौघांचं एकदमच टाकतो. फोटोत भरलेलं दिसेल.

सेल्वमणी : टाक बाबा. तू तिसरी पिढी, मी कोण सांगणारी.

(कढईत मोठ्ठी चुरचुर. मग ती बसत जाते, आणि नुसती फसफस उरते.)

सुहैला : आवाज का बदलला?

सेल्वमणी : पाणी सुटलं. एवढ्या शेवया एकदम पडल्या की आच दबते. आता त्या भाजत नाहीत, शिजतायत. आजाऱ्याची पेज झाली ती.

बून कीत : होईल, होईल. जरा हलवलं की...

सेल्वमणी : जोरात हलवू नको, तुकडे पडतील! पडले. बस, उतरव. फेकायचं नाही हं, काकांचा नियम आहे. बस त्या स्टुलावर आणि खा.

बून कीत : लोकांसमोर?

सेल्वमणी : मी बावीस वर्षं लोकांसमोरच करतेय. खा. तुला ना नवस, ना काही.

सुहैला : मी विचारलं असतं चव, पण मलाही चालत नाही. डुकराची चरबी असते ना ह्यात.

सेल्वमणी : अगं बाई! मग तू लिहितेस कशी?

सुहैला : बघून. समोरच्या रोटीच्या दुकानात चार दिवस सकाळी येऊन बसले. तुमच्याकडचं माणूस प्लेट परत देताना त्यात काय उरतं ते बघते. तुमच्या प्लेटांत काही उरत नाही, आंटी. आणि चार दिवसांत हे साहेब मला एकदाही दिसले नाहीत.

सेल्वमणी : ऐकलंस, कीत? का तोंडात गोळा आहे?

बून कीत : आहे. गिळवत नाही.

सुहैला : पण एक सांगते, खोटी आशा नको. आमच्या वरच्यांना ह्या पदार्थाला चिनी घराणंच हवंय. तीन पिढ्या, जुना फोटो, सगळं. मी तुमचं नाव लिहून दिलं तर ते ही गाडीच यादीतून काढतील, असंही होईल.

सेल्वमणी : काढू देत. नकाशा नव्हता तेव्हाही लोक येत होते. पण गाडी ठेवायची आणि मला पुसायचं, हे चालायचं नाही. घ्यायचं तर माझ्या नावानं घ्या, नाहीतर सोडा. मी कुणाच्या मागे बसून पात चिरणार नाही.

सुहैला : फॉर्म यांचा आहे. नाव यांनी बदललं तरच बदलेल.

सेल्वमणी : कीत, माझ्याकडे बघ. दया म्हणून नको. जे खाल्लंस त्यावरून बोल.

बून कीत : ...माझं खोडा. काकांनी मला कालथा का दिला नाही, ते आज कळलं.

सुहैला : नक्की?

बून कीत : खोडा म्हणतोय ना! आणि परवान्याचं मी रागात बोललो, अक्का. कढई तुझी आहे.

सेल्वमणी : ती होतीच. ऊठ, तोंड धू, त्या चौघांना सांग आता खरं मिळेल.

सुहैला : मग नाव सांगा आंटी. पूर्ण.

सेल्वमणी : सेल्वमणी. मुनिआंडीची मुलगी.

सुहैला : वडिलांचंही घालायचं?

सेल्वमणी : आमच्यात बापाचं नाव लावतात. घाल.

सुहैला : नकाशावर जागा फार कमी आहे हो. एवढं मावणार नाही.

सेल्वमणी : मग रस्त्याचं नाव बारीक कर. तीस वर्षं झाडलाय तो माझ्या बापानं.