स्टिअरिंगवरचं फडकं

मिस्त्री : पान्याला लावलेल्या पाइपवर लटक. नुसत्या हातांनी काही होणार नाही, अख्खं वजन टाक.

मुलगी : लटकलेच आहे, काका. तसूभर हलत नाही.

मिस्त्री : मग राहू दे. बोल्ट तुटला तर आणखी एक दुखणं व्हायचं. बस त्या टायरवर, दम खा.

मुलगी : तुम्ही म्हणाला होतात, आत डिझेल ओतून तीन दिवस मुरू दिलं की इंजिन सुटेल.

मिस्त्री : सुटलं तर सुटेल, असं म्हणालो होतो. तुम्ही शिकलेली माणसं अर्धंच वाक्य ऐकता. हे बघ, आधी सेल्फ तपासला, तो ठणठणीत. बेल्ट काढून पाहिला, कधीकधी डायनॅमो जाम होतो आणि बदनाम होतं इंजिन. तसंही नाही. पाणी शिरलंय म्हणावं, तर थेंब नाही. म्हणजे दुखणं पोटातच आहे.

मुलगी : इतके लाड झालेत हो हिचे! माझेसुद्धा नाही झाले तेवढे.

मिस्त्री : तेच तर डोकं खातंय माझं. पंचवीस वर्षं या पिकअपचं काम करतोय मी. तुझा बाप स्वतः उपाशी राहील, पण हिला तेलावाचून ठेवणार नाही. आणि ही पट्टी बघ ना, तेल अगदी खुणेपर्यंत. नवंकोरं, मधासारखं.

मुलगी : ते मी घातलंय.

मिस्त्री : कधी?

मुलगी : बंद पडल्यावर. हॉस्पिटलच्या गेटवरचा रखवालदार म्हणाला, तेल बघा. पट्टी कोरडी होती. मग अख्खा डबा आणून ओतला.

मिस्त्री : आणि हे मला आज, चौथ्या दिवशी सांगतेस!

मुलगी : तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, वाटेत गळलं असेल.

मिस्त्री : लाल दिवा नाही लागला?

मुलगी : तो कित्येक वर्षं लागतच नाही. बाबा म्हणायचे, मला कान आहेत, दिवा कशाला हवा.

मिस्त्री : कानवाला मोठा! थांब जरा. तुझ्या बापाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो गाडीपाशीच होता ना?

मुलगी : हो, शेडमध्ये. शेजारी घमेलं होतं, त्यात काहीतरी काळं. कोणीतरी उचलून ओतून दिलं. मी तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या मागे धावत होते, काका.

मिस्त्री : आणि स्टिअरिंगला फडकं बांधलेलं होतं?

मुलगी : तुम्हाला कसं माहीत? होतं की. मळकं, घट्ट गाठ मारलेलं. मी सोडून धुऊन टाकलं. म्हटलं, त्यांना गाडी जरा बरी दिसू दे.

मिस्त्री : (हातातला पाना खाली ठेवत) पोरी, इंजिनातलं तेल काढलं की आम्ही स्टिअरिंगला फडकं बांधतो. कोणी चुकून किल्ली फिरवू नये म्हणून. नवं तेल पडेपर्यंत गाठ सोडायची नाही. मीच शिकवलं होतं त्याला.

मुलगी : तेल.

मिस्त्री : हो, तेल. त्याने काढलं, आणि भरायच्या आत पडला.

मुलगी : तसं नाही, काका. झटका आल्यापासून त्यांना एकच शब्द येत होता. तेल. दिवसभर तेल, तेल. मला वाटलं, हात आखडलाय, चोळून हवाय. दीड महिना रोज दोन वेळा मी त्यांच्या हाताला तेल लावत होते. ते हात झटकायचे आणि मी म्हणायचे, लहान मुलासारखा हट्ट करू नका.

मिस्त्री : तुला तरी कसं कळणार?

मुलगी : व्यायामात मन लागेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काही दाखवा. म्हणून मी ही घेऊन गेले. बाबा वर खिडकीशी खुर्चीत होते. मला बघून चांगला हात जोरजोरात हलवायला लागले, ओरडायला लागले. मी हॉर्न वाजवला, काका. खुशीने दोनदा वाजवला. आणि तिथेच ही कण्हली आणि थांबली.

मिस्त्री : ऐकलं असणार त्याने.

मुलगी : तेव्हापासून तोंडातून एक अक्षर नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेत. मला वाटत होतं, ही सुरू झाली, खिडकीखाली हिचा आवाज गेला, की बोलतील.

मिस्त्री : नाही होणार सुरू. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आतलं सगळं एकमेकांना चिकटलंय, आणि हिचं सामान आता भंगारातही मिळत नाही. पण तू जा. त्याला सांग, बाबा, कळलं मला. आणि डॉक्टरांनाही सांग, त्याची समज शाबूत आहे. बरोबर बोलत होता तो.

मुलगी : डॉक्टरांना आता काय सांगू? कालच त्यांनी विचारलं होतं. म्हणाले, हे जो एक शब्द बोलायचे, तो समजून बोलायचे की नुसताच तोंडातून यायचा? बोलण्याचे उपचार पुढे चालू ठेवायचे की नाही, ते त्यावरच ठरणार होतं.

मिस्त्री : मग? काय म्हणालीस तू?

मुलगी : म्हटलं, त्याला काही अर्थ नसायचा. त्यांनी तसंच लिहून घेतलं.