ज्योत्स्नाचा डाव

(रविवारची सकाळ. अमरावतीला नर्स असलेल्या ज्योत्स्नाच्या घरी तिचा मोठा भाऊ नागसेन मूर्तिजापूरहून आला आहे. टीव्हीसमोर वायरींचा पसारा.)

नागसेन : थांब वं, थांब! हा भंगारातून आणलेला कॉम्प्युटर, हा तुह्या घरचा टीव्ही, अन् यात आपला लहानपणचा गेम? कसा काय?

ज्योत्स्ना : पेनड्राइव्हमधून. कॉम्प्युटरले वाटते, आपणच तो जुना गेमचा डब्बा आहो. महिनाभर मोबाइलवर पाहू पाहू शिकली मी.

नागसेन : अन् कॅसेट?

ज्योत्स्ना : नाई लागत कॅसेट.

नागसेन : मंग गेम अटकला तं पह्यलेसारखी फुंक कुठं माराची?

ज्योत्स्ना : कुठंच नाई, दादा.

नागसेन : माह्यं तं डोकंच चालून नाई राह्यलं, बाप्पा! जाऊ दे. आण तो गेमचा रिमोट. ड्यूटी सांभायून माह्यासाठी एवढी खटपट केली... डोयात पाणी आणलं पोरी तू.

ज्योत्स्ना : तुह्यासाठी नाई केली.

नागसेन : आँ? मंग कोणासाठी?

ज्योत्स्ना : माह्यासाठी.

नागसेन : तू कुठं खेळत होती! तुले तं बाजूले बसून पाहाले आवडे.

ज्योत्स्ना : कोणं सांगतलं आवडे म्हणून? दोन उन्हाळे बसली मी. ‘आता माहा नंबर’ म्हटलं का तू म्हणे, हा गडी मेला का देतो. अन् खड्डा कुठं हाय, वरून दगड कवा पडते, हे मीच ओरडून सांगत होती. म्हणून तं तू मरतच नव्हता!

नागसेन : असं कवा झालं वं? मले तं काईच आठवत नाई.

ज्योत्स्ना : तुले काहून आठवते? रिमोट तुह्या हातात होता. सरक तिकडं.

नागसेन : अवं उडी! उडी मार! ...मेली.

ज्योत्स्ना : पुन्हा.

नागसेन : दगड! वरतं पाह्य! ...गेली. सारं पाठ हाय म्हणते, मंग पह्यल्याच खड्ड्यात कशी काय पडते तू?

ज्योत्स्ना : डोयाले पाठ हाय. बोटाले कोणं शिकवलं?

नागसेन : चुकलं माह्यं, ज्योत्स्ना. खरंच चुकलं. लाज वाटून राह्यली मले.

ज्योत्स्ना : बरं. पुन्हा लावू दे मले.

नागसेन : पण एवढा एक खड्डा तं पार करून देऊ दे. आण इकडं.

ज्योत्स्ना : हात काढ, दादा. मरू दे मले. माह्या हातानं मरू दे.