वाडीतला प्लॉट

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझी शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच आहेत. तारापूरला वीजघरासाठी जमिनी जात होत्या, तेव्हा मुंबईचा एक पाहुणा आमच्या पडवीत भाड्याने राहिला. दिवसभर आमच्या वाडीकडे बघत बसायचा.

मी धीर करून विचारलं, "साहेब, काय शोधताय?"

"प्लॉट," तो म्हणाला.

सुकट निवडणारी आई ताडकन उठली. "आमी वाडी नाय देनार!"

"अहो मावशी, मी कादंबरी लिहितो. प्लॉट म्हणजे तिचं कथानक!"

आईने त्याला नीट न्याहाळलं. "मग मिलाला?"

"मिळाला ना! तुमच्याच वाडीत."

आई माझ्या कानाशी म्हणाली, "बग, कबूल झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी वाडीचं कुंपण हातभर उंच केलं.