पाणबुडीला खिडकी नसते!

...नाही, पण खिडकी कशाला? आं? तुम्हीच सांगा, दोनशे मीटर पाण्याखाली जाणाऱ्या लढाईच्या पाणबुडीला खिडकी कशाला पाहिजे, वारा यायला? पाणबुडीला खिडकी नसते! अहो, नौदलातली अठरा वर्षं काढली मी त्या नळकांड्यात, मी, बद्रीनाथ घैसास, अख्ख्या कसबा पेठेतला एकुलता एक पाणबुडीवाला, आणि मला आमच्या मंडळाचा अध्यक्ष केदार, ज्याने मुठेच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नाही, तो सांगतो, "काका, खिडकीशिवाय लुक येत नाही!"

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. गणपतीत यंदा पाणबुडीचा देखावा करतोय, मार्गदर्शन करा, म्हणत हे लोक घरी आले आणि मी हो म्हणालो. का म्हणालो? हिच्यासाठी. आमच्या मंदाकिनीसाठी. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण हा माणूस घराबाहेर राहायचा तो कुठे, हे तिने कधी पाहिलंच नाही. दोन-दोन महिने पत्र नाही, फोन नाही, कुठे चाललो ते सांगायची सोय नाही! आमची अपेक्षा जन्मली तेव्हा मी पाण्याखाली. मुलगी झाली हे मला कळलं बाविसाव्या दिवशी! ते बावीस दिवस ही अजून विसरलेली नाही. म्हटलं, एकदा बघू दे हिला... तो कोंदटपणा, तो डिझेलचा वास, एकजण उठला की त्याच्याच गरम गादीवर आपण आडवं व्हायचं... बघितलं की जाईल राग.

म्हणून मी आराखडा काढून दिला, मापांसकट! आणि मांडवात जाऊन बघतो तर... खिडकी! कसली खिडकी, साड्यांच्या दुकानाची शोकेस ती, आणि बाहेर डोळे मिचकावणारा देवमासा!

"केदार, पाणबुडीला खिडकी नसते."

"काका, फॉरेनला असते. टुरिस्टांना नेतात ना, मी रील बघितलंय."

"ती सहलीची रे! तासाभरात वर येऊन खादाडी करतात ती माणसं. ही युद्धाची आहे!"

"पण पिक्चरमध्ये सुद्धा..."

"पिक्चरमध्ये नाचतात सुद्धा! तेही दाखव!"

दाखवलं हो! दुसऱ्या दिवशी टॉर्पेडोच्या शेजारी जलपरी! मोटर लावलेली, कंबर हलवते! वर मलाच म्हणतो, "चिल काका, लोक दोन तास लायनीत थांबणार, आणि आत येऊन काय नुसती भिंत बघणार?" अरे, मी अठरा वर्षं तीच बघितली ना!

बरं, निदान माझं नाव तरी काढा म्हटलं, तर फ्लेक्स छापून टांगलेला... 'तांत्रिक मार्गदर्शन : श्री. बद्रीनाथ घैसास, भारतीय नौदल'... त्या देवमाशाच्या बरोबर खाली! मग काय, रोज संध्याकाळी दाराशी उभा राहून येईल त्याला सांगत होतो, पाणबुडीला खिडकी नसते, पाणबुडीला खिडकी नसते... तर मंडळाचा एक पोरगा, शुभंकर नावाचा, शिट्टी गळ्यात, "आजोबा, पुढे चला, मागे गर्दी आहे!" आजोबा! मला! माझ्याच पाणबुडीतून मला बाहेर काढतोय!

हिला म्हटलं, तू येऊ नकोस, फार गर्दी असते. पण ती ऐकणार? पाचव्या दिवशी बघतो तर रांगेत उभी, शेजारच्या शकूबरोबर, इरकल नेसून! आत आली. त्या खिडकीसमोर थांबली. देवमाशाने डोळा मिचकावला, जलपरीने कंबर हलवली, ही आपली बघतेय... बघतेय. शेवटी अगदी हळू म्हणाली,

"अहो, एवढी मोठी खिडकी होती?"

"मंदा, ऐक..."

"मी तिकडे दवाखान्यात कळा सोसत होते... आणि तुम्ही इथे बसून मासे बघत होता?"

"अगं, नसते! पाणबुडीला खिडकी नसते!"

तिने बोटाने तो फ्लेक्स दाखवला.

आता काय सांगणार? कोणाला सांगणार? एकेचाळीस वर्षं हिला वाटत होतं मी त्रासात होतो, निदान तेवढी तरी सहानुभूती होती, तीही गेली! गणपती गेले, देखावा उतरला, देवमासा भंगारात गेला. पण घरी मी जरा खिडकीशी खुर्ची ओढून बसलो ना, की स्वयंपाकघरातून आवाज येतो,

"बसा, बसा... सवयच आहे तुम्हाला!"