भांगेच्या औषधाचा डबा काढून घेतल्याबाबत जबाब

दि. १९/०२/२००४

जिवनबाई भ्र. रामसिंग राठोड, वय ४६ वर्षे, व्यवसाय शेती, रा. साखरा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, माझे पती रामसिंग यांना पोटाचा कॅन्सर आहे. खाल्लेले टिकत नाही. मागच्या दिवाळीत तांड्यातील पुंजाजीचे ऐकून त्यांनी गांजाची चिलीम ओढली. छातीत धडधड होऊन ते ओट्यावरून पडले. त्यानंतर मी घरात गांजा येऊ दिला नाही.

जानेवारीपासून नांदेडच्या एका आयुर्वेद डॉक्टरीणबाई त्यांना भांग घातलेले चूर्ण देतात. "बाई, हे बी तेच न्हाई का?" असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी समजावले की, हे परवाना असलेल्या कारखान्यात मोजून बनते, डब्यावर परवान्याचा नंबर असतो, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कॅन्सर बरा होणार नाही, पण भूक लागेल. दोन वेळा पाव चमचा, जास्त नाही. दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही. पती अर्धी भाकर दुधात कुस्करून खाऊ लागले होते.

दि. १७ रोजी नांदेडहून नवीन डबा घेऊन येताना मी हिंगोलीला बस बदलण्यासाठी उतरले. सकाळी अकराच्या सुमारास स्टँडवर एका जमादाराने माझी पिशवी तपासली. त्यांच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. सीलबंद डबा फोडून त्यांनी वास घेतला व "तांड्यावरची हाईस ना? मंग गांजाच," असे म्हणाले. मी चिठ्ठी पुढे केली. "साहेब, वाचा तरी. नंबर हाय, शिक्का हाय." त्यांनी चिठ्ठी हातात घेतली नाही. लोक जमले. मला चारपर्यंत चौकीत खाली बसवले. डबा ठेवून घेतला, पावती दिली नाही. "काहून न्हाई?" असे विचारता, "केस केली न्हाई, उपकार मान," असे म्हणाले.

तेव्हापासून पतीच्या पोटात पाण्याशिवाय काही टिकलेले नाही.

आज ठाण्यात तो डबा माझ्यासमोर आणला. तो निम्मा रिकामा आहे. दुसऱ्याचे हात लागलेले औषध मी आजारी माणसाला देणार नाही, म्हणून घेतला नाही. जमादाराविरुद्ध माझी तक्रार आहे. उद्या मी पुन्हा नांदेडला जाणार आहे व त्याच स्टँडवरून परतणार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "गांजासदृश पूड" असे लिहिले होते. माझ्या हरकतीवरून ते खोडून "औषध" केले. खोडलेल्या जागी माझा अंगठा आहे. आता बराबर आहे.