चौदा हसतमुख

टिलब्रुकबाई : हसतमुख. हाही हसतमुख! अगं ब्रायडी, बारावीतून चौदा पोरं बाहेर पडतायत आणि चौदाच्या चौदा हसतमुख? हा शाळेचा वार्षिकांक आहे की दंतवैद्याची पाटी?

ब्रायडी : पेडलरसरच म्हणाले, प्रत्येकावर चार ओळी लिही. प्रेमानं लिही, थोडं गमतीनं लिही. मला संपादक केलंय त्यांनी. तुम्हाला फक्त शुद्धलेखन बघायला सांगितलंय.

टिलब्रुकबाई : मुख्याध्यापक काय सांगतात ते मला नको सांगूस. या ऑफिसात सव्वीस वर्षं काढलीत मी. चार मुख्याध्यापक वापरून झालेत माझे. वाच पुढचं.

ब्रायडी : ‘कॅलन फित्झनर. हसतमुख, मनमिळाऊ, खेळकर, संकटात धावून जाणारा.’

टिलब्रुकबाई : धावून जाणारा? संकटात डोकं घालणारा! खरोखरीचं डोकं. सहावीत खुर्चीच्या पाठीत अडकलं, आठवीत जिन्याच्या कठड्यात. आणि गेल्या वर्षी, सतरा वर्षांचा घोडा झाल्यावर, पुन्हा त्याच खुर्चीत. का रे बाबा, म्हटलं, तर म्हणतो, अजून जातं का ते बघत होतो! माझा मार्गारीनचा अख्खा डबा संपला त्याच्या कानांवर.

ब्रायडी : हे छापू?

टिलब्रुकबाई : मग काय ‘खेळकर’ छापणार? खेळकर तर कुत्र्याचं पिल्लूही असतं. पुढे?

ब्रायडी : ‘इंडी वॉर्ड. हसतमुख, अंगी जन्मजात नेतृत्वगुण.’

टिलब्रुकबाई : हे तिच्या आईनं लिहून दिलंय.

ब्रायडी : तुम्हाला कसं कळलं?

टिलब्रुकबाई : ती बाई स्वतःच्या पोरीबद्दल ‘जन्मजात’खाली बोलतच नाही. खोड ते. लिही, नववीत असताना आगीची खोटी घंटा वाजवून अख्खी शाळा मैदानात उभी केली आणि वर स्वतः हजेरी घेतली. आणि काय गं, ती हजेरी बरोबर निघाली! पेडलरसरांची अजून एकदाही निघालेली नाही.

ब्रायडी : सरांचं नाही हं लिहिणार मी.

टिलब्रुकबाई : नको लिहूस. गावाला ठाऊक आहे. हा कोण? टोबी लुंड. ‘हसतमुख, शांत आणि अबोल.’ अबोल? कुणी सांगितलं तुला?

ब्रायडी : बोलत नाही तो कधी.

टिलब्रुकबाई : अडखळतो तो. तुम्ही कुणी त्याला वाक्य पुरं करू देत नाही, आणि वर अबोल म्हणून छापता! आठवीत होता तेव्हा एका सोमवारी माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला, झे... झे... करत. मी म्हटलं, कामात आहे, नंतर ये. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. शुक्रवारी एकदाचं वाक्य पुरं झालं. झेरॉक्सच्या यंत्रात उंदीर शिरलाय, म्हणाला. तोवर ती उंदरीण बाळंत होऊन मोकळी! सहा पिल्लं.

ब्रायडी : अय्या! पण छापलेलं आवडेल का त्याला?

टिलब्रुकबाई : विचार की. फक्त विचारून पळून जाऊ नकोस, उत्तराला थांब. किती वाजले? चारला छापखान्याकडे धाडायचंय ना हे सगळं? आटप मग. आणि हे काय? वर नुसतं ‘मार्नी’ आणि खाली कोरं पान?

ब्रायडी : ते मार्नी क्लीव्हचं पान आहे.

टिलब्रुकबाई : ती यादीत नाही. सप्टेंबरात नाव कमी झालंय तिचं. पंधरा आठवडे शाळेचं तोंड बघितलेलं नाही पोरीनं.

ब्रायडी : वडील बोटीच्या शिडीवरून पडले तेव्हापासून.

टिलब्रुकबाई : माहीत आहे मला. पाठीचा मणका मोडला. वाईट झालं. पण नियम नियम आहे. सरांनी पत्र काढलं.

ब्रायडी : सरांनी सही केली. पत्र टाइप कुणी केलं?

टिलब्रुकबाई : पत्रं मीच टाइप करते. कारकून आहे मी, देव नाही.

ब्रायडी : मला वाटलंच होतं तुम्ही असं म्हणणार. मघापासून मी ऐकतेय. कॅलनचं डोकं, टोबीचा उंदीर, इंडीची हजेरी. सगळ्यांना नावं ठेवता, पण निदान सगळ्यांचं काहीतरी ठाऊक तरी आहे तुम्हाला. मार्नीचं काय ठाऊक आहे? तुमच्या रजिस्टरात काय आहे तिचं? क्लीव्ह, एम., गैरहजर. क्लीव्ह, एम., गैरहजर. लाल पेनानं, पट्टी लावल्यासारखं सरळ!

टिलब्रुकबाई : आवाज खाली.

ब्रायडी : एक फोन नाही केलात तुम्ही.

टिलब्रुकबाई : केला होता.

ब्रायडी : कधी?

टिलब्रुकबाई : पहिल्याच आठवड्यात. तिच्या बापानं, रस क्लीव्हनं, उचलला. मी नीट बोलले, रस, म्हटलं, मार्नी शाळेत कधी येतेय, काही मदत हवीय का. तर म्हणाला, पोरगी माझी आहे, तुझ्या रजिस्टरची नाही. आणखीही बरंच काही म्हणाला, ते तुझ्यासमोर बोलण्याजोगं नाही. मी फोन आपटला. म्हटलं, बरं बाबा, तुझी तर तुझी. दुसऱ्या दिवसापासून लाल पेन घेतलं.

ब्रायडी : ते तेव्हा कुणालाही शिव्या देत होते. पाद्रीबाबा भेटायला गेले तर त्यांना उशी फेकून मारली. दुखत होतं त्यांना, टिलब्रुकबाई!

टिलब्रुकबाई : मला काय स्वप्न पडणार होतं?

ब्रायडी : मार्नी तिथेच उभी होती. फोनपाशी. तिला कळलं शाळेचा फोन होता म्हणून. ती म्हणाली, बाई पुन्हा करतील, त्या सोडणाऱ्यातल्या नाहीत. मी गेले की आठ दिवस मला त्यांच्या घरात हळू बोलायला लावायची, घंटा ऐकू यायला हवी म्हणून. मग हंगाम उघडला आणि काकाबरोबर बोटीवर गेली, शेवंडीचे पिंजरे ओढायला. तोवर पत्र आलं तुमचं.

टिलब्रुकबाई : काय लिहिलं होतंस तिच्यावर? पान कोरं ठेवलंयस, पण तुझ्या त्या वहीत काहीतरी असणार. वाच.

ब्रायडी : ‘मार्नी क्लीव्ह. शूर आणि कष्टाळू. वडिलांसाठी आपल्या स्वप्नांचा त्याग करणारी आमची...’

टिलब्रुकबाई : थांब, थांब. मेलीय का ती?

ब्रायडी : काहीतरीच काय!

टिलब्रुकबाई : मग हे थडग्यावरचं कशाला? त्याग म्हणे! अठरा वर्षांच्या पोरीनं हे वाचलं तर आयुष्यभर त्या बोटीवरून उतरायची नाही. खोड. सगळं खोड. पहिलीपासून शेजारी बसलीस तिच्या. कशी आहे ती, ते सांग.

ब्रायडी : चावते.

टिलब्रुकबाई : कुणाला?

ब्रायडी : पेन्सिली. माझ्या. स्वतःची कधी चावली नाही, ती नीट टोक काढून ठेवायची. वाद घालायला लागली की नाक खाजवते, आणि वाद हरली की म्हणते, मी तेच म्हणत होते. आणि शेवंडींना भिते.

टिलब्रुकबाई : रस क्लीव्हची पोरगी? शेवंडींना?

ब्रायडी : लहानपणापासून. त्या झिंग्यासारख्या लांब मिशा बघून अंगावर काटा येतो तिच्या. बोटीवर पहिले दहा दिवस ओकत होती. काका म्हणाला, ओक, पण वारा बघून ओक. अकराव्या दिवशी ओकली नाही तर अख्ख्या बोटीनं टाळ्या वाजवल्या. तिला इतका राग आला की दुपारी पुन्हा ओकली.

टिलब्रुकबाई : हे लिही.

ब्रायडी : खरंच?

टिलब्रुकबाई : जसं सांगितलंस तसंच. एक शब्द गोड करू नकोस. फोटो आहे?

ब्रायडी : हा एक आहे. पण गणवेशात नाही. रबरी विजार, हातात शेवंड, तीही अशी लांब धरलेली.

टिलब्रुकबाई : आणि तोंड बघ कसं केलंय! वर्गात गणित सोडवताना हेच तोंड करायची. लाव.

ब्रायडी : सर काढून टाकतील.

टिलब्रुकबाई : सर वाचणारच नाहीत. चौथ्या पानावर त्यांचा स्वतःचा फोटो असतो, तिथून पुढे आजवर एकही मुख्याध्यापक गेलेला नाही. आणि गेलेच, तर माझं नाव सांग. चिकटवलास? आता ती खालच्या खणातली हिरवी फाइल दे. ती नाही, तिच्या खालची.

ब्रायडी : ही कशाला?

टिलब्रुकबाई : राहिलेले विषय पुढच्या वर्षी पुरे करता येतात. नाव कमी झालेल्यांनाही. एक फॉर्म असतो, त्यावर पालकाची सही लागते. परवा शेवटची तारीख.

ब्रायडी : परवा? हे तिला कुणीच सांगितलं नाही!

टिलब्रुकबाई : सांगायचं काम माझं होतं.

ब्रायडी : मग ती... म्हणजे तिची बारावी होऊ शकते?

टिलब्रुकबाई : बापानं सही केली तर. आणि ती हो म्हणाली तर. आधीच नाचू नकोस. आता बोटी लागल्या असतील ना धक्क्याला?

ब्रायडी : दोनलाच लागतात. एव्हाना घरी आली असेल. मी करू का फोन? माझ्यावर नाही ओरडत ते.

टिलब्रुकबाई : तू तुझी चौदा पोरं नीट लिही. उरलेले सगळे हसतमुख काढून टाक, एक ठेवलास तरी चालेल.

ब्रायडी : कुणाचा ठेवू?

टिलब्रुकबाई : जो खरंच हसतो त्याचा. असला तर. आता जरा गप्प बस.

(बाई फोन लावतात. पलीकडचं काही ऐकू येत नाही.)

टिलब्रुकबाई : रस? शाळेतून लोर्ना टिलब्रुक बोलतेय... हो, तीच म्हातारी... दे, दे शिव्या. आज मी फोन ठेवत नाहीये... झाल्या? पाठ कशी आहे?... हं... हं. काठीनं का होईना, चालतोस ना... बरं, आता पोरीला बोलव... मार्नी? ऐक, तुझ्या बाबांची एका कागदावर सही हवी आहे, परवाच्या आत. संध्याकाळी मी स्वतः घेऊन येते. सही करायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, पण कागद तुमच्यासमोर हवा... नाही गं. नाही. तुझं काही चुकलेलं नाही. मी पुन्हा फोन करायला हवा होता... काय? हात मासळीनं बरबटलेत?... अगं मग आधी हात धुऊन ये. सावकाश धू. मी फोन धरून आहे.