दाराआडची काठी

माझं नाव हिरा, गावात हिरूबाय म्हणतात, आणि आमचं गाव कोलशेत, ठाण्याच्या खाडीला. बापाचं मिठागर, नवऱ्याचंही मिठागर, म्हणजे मालक दुसराच, आम्ही मीठ ओढणारे. पायांना भेगा पडलेल्या आणि भेगांत मीठ, म्हणून आमच्यातली माणसं रागीट असं लोक म्हणतात, तुम्ही जरा चालून बघा तसं, मग बोलू. सोनूचा बाप, मी नाव घेत नाही त्यांचं, मेल्यावरही घेत नाही, बांधावर साप चावून गेले, तेव्हा सोनू कडेवर होती.

आता आमच्या गावकीची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गावकी बसते देवळापुढं, पुरुषांची. बाईनं तिथं बसायचं नाही, बोलायचं नाही. पण घराला एक मत असतं, आणि घरचा पुरुष गेला, मुलगा नसला, तर विधवेनं त्याची काठी नेऊन ठेवायची. त्या बाजूला ठेवली तर घर त्या बाजूचं, ह्या बाजूला ठेवली तर ह्या. ठेवायची आणि मागं यायचं. माझी काठी दाराआड उभी असायची, वेताची, मुठीला पितळ. मी ती कितीदा तरी ठेवली, विहिरीच्या वेळी ठेवली, जत्रेच्या वेळी ठेवली. कुणी हसलं नाही.

पुढं मी ठाण्याला आले मिशनच्या पोरींच्या शाळेत, शिकायला नव्हे हो, पोरी बोलवायला. तेव्हा आया पोरींना एकट्या रस्त्यावर सोडत नसत, मग शाळा एक बाई ठेवायची, तिनं घरोघर जायचं, हाका मारायच्या, पोरी गोळा करून न्यायच्या आणि संध्याकाळी दारात पोचवायच्या. शाळा शिकायची पोरींनी, टाचा झिजल्या माझ्या. बक्षीस समारंभाला मोठमोठी माणसं यायची, हार, गुलाबपाणी, एक रावसाहेब तर मुलींच्या शिक्षणावर दिवे लागेपर्यंत बोलले, त्यांच्या वाड्यात मी नातीला बोलवायला गेले तर म्हणाले, आमच्याकडं पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे.

शाळा चालवायची ती अमेरिकेची मडमबाई. उंच, हाडकुळी, मराठी बोलायची पण सगळ्यांना अगं म्हणायची, मामलेदारालाही एकदा म्हणाली. दुपारी पोरी शिवण घेऊन बसल्या की मडमबाई तिकडच्या गोष्टी सांगायची. तिकडं राजा कोण ते लोक ठरवतात, पेटीत चिठ्ठी टाकतात. मी विचारलं, बायकाही टाकतात? म्हणाली, नाही, तेच तर मागतोय आम्ही. तिची आई घरोघर हिंडून सह्या गोळा करायची, माझ्यासारखीच, मी पोरी गोळा करते, ती सह्या. बहीण सभेत उभी राहून बोलायची, लोकांनी अंडी मारली, बहिणीनं पदर, म्हणजे त्यांचं जे काय असतं ते, पुसलं आणि पुढचं वाक्य बोलली. फक्त लांब पश्चिमेला एक डोंगराळ मुलूख आहे, तिथं बायका टाकतात चिठ्ठी, आणि आभाळ काही पडलं नाही म्हणे. मी म्हटलं, मडमबाई, आमच्याकडं राणी आहे आणि बायकांना कुणी विचारत नाही, तुमच्याकडं राणी नाही आणि बायकांना कुणी विचारत नाही, मग राणी कशाला सांभाळायची? ती इतकी हसली की चष्मा पडला.

काय सांगू तुम्हाला, माझी सोनू तिच्या पायाशी बसून शिकली. मी त्यांच्याकडचं पाणी पीत नसे, सोनूही नाही, म्हणून गाव गप्प होतं. सोनूचं लग्न लहानपणीच कल्याणकडच्या एका गावात झालं होतं, तो पोरगा देवी येऊन गेला, तिला तोंडही आठवत नव्हतं त्याचं. आमच्यात विधवेचा पाट लावतात, तर सासरचे म्हणायला लागले, भावकीतल्या एकाशी लावू, दोन बायका होऊन गेलेला माणूस. पण मडमबाई म्हणाली होती, सोनू शाळेत मास्तरीण होणार. गावकीनंही मान हलवली, पोर कमावणार असेल तर राहूदे आईपाशी. सुट्टीत गावी गेली की सोनू ओल्या मिठाच्या ढिगावर बोटानं अक्षरं काढायची आणि पोरांना म्हणायची, चाटा आता, पाठ होईल.

मग मिशनच्या साहेबांची सभा आली. मी पंखा ओढायला होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. शाळेचं वर्षाचं सगळं मडमबाईनं लिहिलेलं, पण उभं राहून वाचलं एका पादरीसाहेबानं, आणि ती कोपऱ्यात खुर्चीवर, जशी पाहुणी. पोरींची शाळा बंद करायची आणि तो खर्च पोरांच्या शाळेला द्यायचा, असं चाललं होतं. जेवणानंतर हात वर करून ठरवायचं. मी मडमबाईला विचारलं, तुमचा हात? ती म्हणाली, हिराबाई, इथंही नाही गं.

शाळेमागंच माझी खोली, काठी मी गावाहून तिथं आणलेली. मी गेले, दाराआडची काठी घेतली, आणि सभेत जाऊन तिच्या खुर्चीपुढं ठेवली. एक साहेब मला मारायला आलेली समजून उठून उभा राहिला. ज्यांना मराठी येत होती ते म्हणाले, हे काय? मी म्हटलं, हे माझं घर, मडमबाईच्या बाजूला. कुणाची काठी? घरधन्याची. तो कुठाय? गेले. मग ते आपसांत बोलले, हसले, आणि मला सांगितलं, बाई, मेलेल्या माणसाचं मत नसतं. आमच्या गावात मेलेल्याचंही होतं, तिथं तर समोर बसलेल्या जित्या बाईचं नव्हतं. मडमबाई हसली नाही. काठी उचलून तिनं मांडीवर घेतली आणि हात वर होईपर्यंत तशीच बसली.

शाळा बंद झाली. मडमबाईला परत बोलावलं, जाताना तिनं काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी.

सोनूचे सासरचे लगेच आले, मास्तरकी गेली, आता पाट लावू म्हणाले. गावकी बसली. मी काठी घेऊन गेले, सोनूच्या बाजूला ठेवली, मागं आले. तर पाटलाच्या काकानं ती उचलून बाहेर टाकली. हिरू, म्हणाला, ही साहेबांच्या सभेत पडलेली काठी, ही आता गावची नाय गो. मी म्हटलं, दादा, काठी तीच हाय. तो म्हणाला, काठी तीच, पण तू आमचं मत परक्याच्या पायाशी नेलंस. बोलायची रीत नव्हती, तरी बोलले तेवढंच. भाऊ नंतर म्हणाला, सोनूला धाडायचं ठरलं ते एका घराच्या फरकानं. त्यानं खोटं सांगितलं असेल तर बरं होईल.

सोनू मचव्यात बसली तेव्हा रडली नाही. म्हणाली, आये, मडमबाईच्या बहिणीला अंडी मारली, तरी ती पुढं बोललीच ना? मचवा वळणाआड गेला तरी मी धक्क्यावर होते. पाटी घेऊन गेली होती, सासूनं तिचं तांदळाच्या मडक्यावर झाकण केलं. दुसऱ्या बाळंतपणात गेली माझी सोनू. पहिलं मूल मुलगी, सोनूसारखंच रुंद कपाळ. मी आणायला गेले तर त्यांनी लगेच देऊन टाकली. मुलगी होती ना, तिच्यासाठी गावकी बसवावी लागली नाही.

परवा ठाण्याला एक नवी मडम भेटली, तिनं सांगितलं, तुमची मडमबाई आता तिकडं सभांत बोलते, केस पांढरे झाले, चिठ्ठी अजून नाही. बोलूदे तिला, देव तिला आवाज देवो.

काठी आहे अजून, दाराआडच. नात ती घेऊन कोंबड्या हाकते, अंगणभर आपटते, पितळ पार चेपलंय. शेजारीण म्हणाली, अगं आजोबाची काठी ती, मोडेल. मी म्हटलं, मोडूदे. तिच्या हातात तरी आहे.